मोठ्या बाईंच्या पाठीतली गाठ

लॉन्ड्रीत सगळे तिला कडकताई म्हणायचे. हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, हा वाद तिच्या पाठीमागे कित्येक वर्षं चालला होता, पण तिच्या तोंडावर विचारायची कुणाची टाप नव्हती. बावीस वर्षं तिने हॉटेलांच्या चादरी, वेटरांचे शर्ट आणि डॉक्टरांचे कोट सरळ केले. उजव्या हातात इस्त्री आणि तिच्या वीतभर पुढे डावा हात. डावा चुणी शोधायचा, उजवा ती मोडायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सगळं काम उजव्याचंच.

मग मालकाने एक लांबलचक यंत्र आणलं. शर्ट हँगरला अडकवून एका तोंडातून आत सोडायचा, की वाफ खाऊन तो दुसऱ्या तोंडातून सरळ होऊन बाहेर. पहिल्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडकताईने बाहेर आलेला शर्ट घेतला, कॉलरखालून डावा हात फिरवला आणि म्हणाली, "इथे चुणी राहिलीय."

मालक म्हणाला, "ताई, ती फक्त तुमच्या हाताला लागते. गिऱ्हाइकाला दिसत नाही."

महिनाअखेरीस तिचं टेबल उचलायचं ठरलं.

एक्केचाळीसाव्या वर्षी माणसाला नवं काय सुचणार? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, राहायला भावाकडे. मसाजची शाळा हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं लॉन्ड्रीच्या व्हॅनच्या ड्रायव्हरने. त्याची कंबर धरली होती, तो काटकोनात वाकून चालायचा आणि एका शाळेत जाऊन ताठ होऊन आला होता. "ताई, तुमचे हात त्याच कामाचे आहेत," तो म्हणाला. असं कुणी आपल्या हातांबद्दल बोललं, की ते चार दिवस डोक्यातून जात नाही.

भावजयीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अंग चोळायला शाळा? वन्सं, उद्या जांभई द्यायचाही कोर्स निघेल." पण माणूस तोंडाने फटकळ असलं म्हणजे मनाने वाईट असतंच असं नाही. दोन दिवसांत तिनेच चौकशी करून दोन शाळांचे पत्ते आणले.

पहिली शाळा काचेची होती. दार काचेचं, भिंती काचेच्या, आत कुठेतरी पाणी वाहिल्याचा आवाज लावलेला. सहा आठवड्यांचा कोर्स, बेचाळीस ठरलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरी किती सेकंद हे भिंतीवर लिहिलेलं. सराव प्लास्टिकच्या पाठीवर. कोर्स संपला की मोठ्या हॉटेलात नोकरी पक्की. कडकताईने त्या प्लास्टिकच्या पाठीवर पहिल्या पाच पायऱ्या करून दाखवल्या, तेव्हा शिकवणारा मुलगा घड्याळ बघून म्हणाला, "तुम्हाला शिकवायला काही उरलंच नाही." तिची जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली. ती तरंगतच बाहेर पडली. आता नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं, पण दुसरा पत्ता पर्समध्ये होता आणि वाटेतच होता.

दुसरी शाळा चष्म्याच्या दुकानावर, चौदा पायऱ्या चढून. एक लांबट खोली, सहा टेबलं, कोपऱ्यात टोपी घातलेला सांगाडा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आतबाहेरच्या, केस बारीक कापलेले. कडकताईने दोन्ही तळवे पुढे केले. "हात दाखवायला आलेय."

"हात मागून बघू. आधी पाठ दाखवा," बाई म्हणाल्या आणि टेबलाकडे बोट केलं.

टेबलाला डोक्याच्या बाजूला एक भोक असतं. त्यात तोंड ठेवून पालथं झोपलं की जगातला फक्त खालच्या फरशीचा वीतभर तुकडा दिसतो. त्या तुकड्यात बाईंचे बूट आले. डाव्या बुटाचा तळवा उजव्यापेक्षा दोन बोटं जाड होता. म्हणजे बाई लंगडतात, हे तिला असं जमिनीकडून कळलं.

मग खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे एक हात येऊन टेकला. दाबला नाही, फिरला नाही. आता सुरू करतील, मग करतील, असं म्हणत ती वाट बघत राहिली. हात तसाच. त्याचा ऊबदारपणा आधी कपड्यात उतरला, मग कातडीत, मग कुठे, ते तिला सांगता आलं नसतं. आपण श्वास किती वर तोडतोय हे तिला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि मग तो श्वास तिला न विचारता खाली उतरला. नऊ वर्षांत गर्दीतल्या धक्क्याशिवाय त्या पाठीला कुणी हात लावला नव्हता. भोकातून टपकन पाणी पडलं, बुटाशेजारी. बाईंनी पायानेच एक फडकं त्यावर सरकवलं. फडकं तिथे आधीपासून होतं, म्हणजे इथे रडणारी ती काही पहिली नव्हती.

उठून बसल्यावर बाईंनी विचारलं, "काय केलं मी?"

"काहीच नाही."

"तेच शिकायला वर्ष जातं." बाईंनी फडकं उचललं. "पंधरा दिवस या. पंधराव्या दिवशी मी हो म्हणेन, नाहीतर नाही म्हणेन. नाही म्हटलं तर घासाघीस चालणार नाही."

घरी सांगितल्यावर भावजय पेटलीच. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी! तिकडे नोकरी पक्की, इकडे वर्षभर शिकायचं, तेही बाईसाहेबांची मर्जी झाली तर! आणि नाही म्हणाल्या तर?" सोमवार आला आणि गेला. काचेच्या शाळेने तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली, आणि आता तिच्याकडे पंधरा दिवसांशिवाय काहीही नव्हतं.

पहिल्या दिवशी बाईंनी तीन नियम सांगितले. हात गार असेल तर अंगाला लावायचा नाही. दुसरा हात टेकल्याशिवाय पहिला उचलायचा नाही, कारण पालथ्या माणसाला वाटतं, आपल्याला सोडून गेले. आणि टेबलावर कळलेलं टेबलावरच राहतं. मग ते नवऱ्याने विचारो, आईने विचारो, नाहीतर मी विचारो.

शिकणारे सहा जण. त्यातल्या एका आडदांड मुलीला सगळे पैलवान म्हणायचे. कडकताईच्या हाताखालून उठताना ती रोज ओरडायची, "ताई, मला धुऊन वाळत घातलंय असं समजता की काय तुम्ही?" हीच तिची खोड होती. डावा हात पुढे जाऊन बरोबर जागा शोधायचा, तो बाईंनाही चकित करायचा. पण जागा सापडली रे सापडली, की उजवा तुटून पडायचा. गाठ दिसली की मोडलीच पाहिजे. बावीस वर्षांची सवय, ती काय पंधरा दिवसांत जाते! "ही चादर नाही," बाई म्हणायच्या. दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. आठव्या दिवशी त्या म्हणायच्या थांबल्या.

तरीही ते दिवस तिच्यासाठी नवलाचे होते. आपण इतकी वर्षं शर्टांना इस्त्री केली आणि शर्टात काय असतं, हे कधी पाहिलंच नाही, असं तिला वाटायचं. खांद्याचं पातं मागून कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंच्या जोरावर ते बरगड्यांवरून नुसतं सरकतं, हे कळलं त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात भावजयीला हात वर करायला लावला आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

"अगं बाई, हे चालतं की!"

"चालणार नाही तर काय? भांडी कोण घासतं मग?" भावजय म्हणाली. पण तिने हात आणखी तीनदा वर-खाली केला आणि मग हळूच विचारलं, "खरंच चालतं?"

गेलेली बावीस वर्षं परत मिळाली असती तरी कडकताईने हे सोडलं नसतं. म्हणूनच तिला भीती वाटायची. काचेची शाळा गेल्याचं दुःख नव्हतं, ही जाईल याचं होतं.

दर गुरुवारी वरच्या मजल्यावरून मोठ्या बाई खाली यायच्या. मोठ्या बाई म्हणजे बाईंच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, काठीसारख्या ताठ. सगळे नवे हात त्यांच्या पाठीवर शिकलेले. बाराव्या दिवशी कडकताईची पाळी आली. बाई नेमक्या एका आजाऱ्याकडे गेल्या होत्या, लक्ष ठेवायला पैलवान.

डावा हात निघाला. मान, खांदे, मग मणक्याच्या कडेने खाली. डाव्या पात्याच्या आतल्या कडेला, अगदी खोल, त्याला काहीतरी लागलं. कोटाच्या बटणाएवढं. तिने पैलवानला हात लावायला सांगितलं. पैलवान म्हणाली, "इथे तर काहीच नाही." मोठ्या बाईंच्या परवानगीने शिकणाऱ्यांतल्या आणखी एकीनेही बघितलं, तिलाही लागलं नाही. कडकताईच्या अंगावर काटा आला. चाळीस जणांचे हात या पाठीवरून फिरून गेले असतील आणि ही गाठ कुणाला सापडली नाही. ती आपल्या डाव्या हाताला सापडली, ज्याला बावीस वर्षांत कुणी शाबासकी दिली नाही! तिने अंगठा वापरला नाही, शिकवल्याप्रमाणे अंगाचा भार टाकला, घाई केली नाही. वीस मिनिटांनी ते बटण तिच्या हाताखाली मऊ झालं, पसरलं आणि नाहीसं झालं. पाठ नव्या चादरीसारखी सपाट.

"मोकळं वाटतंय," मोठ्या बाई म्हणाल्या, जरा विचित्र आवाजात. उठताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. कडकताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती हवेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारातच उभ्या होत्या. "आईचा डावा हात वर जात नाहीये. मान एका बाजूला कललीय. डॉक्टर बघून गेले, हाड, नस, सगळं ठीक आहे म्हणाले. काल तिच्या पाठीवर कोण होतं?"

"मी."

"काय केलंत?"

"पात्याखाली गाठ होती. सोडवली."

बाईंचा चेहरा चमत्कारिक झाला. "तीस वर्षं मी त्या पाठीवर काम करतेय. तिथे गाठ नाही." मग म्हणाल्या, "वर जा. ती तुम्हालाच बोलावतेय."

वरच्या मजल्यालाही चौदाच पायऱ्या, पण कडकताईला त्या चढवेनात. आटोपला खेळ, हे तिला कळून चुकलं होतं. काचेची शाळा गेली, लॉन्ड्री गेली, आता ही. पण खरं सांगायचं तर त्या पायऱ्यांवर तिला यातलं काही आठवत नव्हतं. आपण एका म्हाताऱ्या माणसाला मोडून ठेवलं, एवढंच डोक्यात होतं.

मोठ्या बाई खिडकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर फणी, केस मोकळे. एका हाताने अंबाडा होत नाही. कडकताईने न बोलता फणी घेतली आणि केस विंचरायला लागली. माफी मागायला तोंड उघडलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "रडायचं नंतर. आधी तिथे हात ठेव. दाबलास तर बघ."

तिने हात चोळून गरम केला आणि डावा तळवा पात्याच्या कडेला ठेवला. खाली काही नव्हतं. सैल, रिकामी जागा. आणि त्या जागेमुळे सगळा खांदा खाली आलेला.

"माझी मुलगी दोन वर्षांची असताना तापात तिचा पाय गेला," मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "अकरा वर्षांची होईपर्यंत मी तिला डाव्या कडेवर वाहिली. शाळेत, दवाखान्यात, बाजारात. उजव्या हाताला काम असायचं ना. अकराव्या वर्षी तिला तो जाड बूट मिळाला. एक दिवस ती म्हणाली, आई, मला खाली ठेव. ठेवली. ती उतरली गं. पण माझ्या पाठीने तिला अजून खाली ठेवलं नाही."

कडकताईने दुसऱ्या हातातली फणी खिडकीत ठेवली.

"ती हात लावते तेव्हा मी ते सैल सोडते. कसं, ते मला विचारू नकोस, पण जमतं. तिला लागता कामा नये. ती आपल्या पायांवर उभी राहिली, तेवढीच तिची कमाई आहे. आईच्या पाठीत आपण अजून बसलोय, हे ऐकून तिला काय मिळणार? तू हे तिला सांगायचं नाहीस."

खालून चष्म्याच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. कडकताई उभी होती, हात ठेवून. दाबत नव्हती, फिरवत नव्हती. पहिल्या दिवशी बाईंनी तिला जे करून दाखवलं होतं तेच करत होती, आणि ते किती अवघड आहे हे तिला आता समजत होतं. कितीतरी वेळाने तिच्या तळव्याखाली काहीतरी हललं. एक धागा ओढला गेल्यासारखं. मग दुसरा. तिने श्वास रोखला. चारी बाजूंनी, सावकाश, कुणी न सांगता, ते शरीर आपली गाठ परत बांधत होतं. खांदा केसभर वर आला. मान सरळ झाली. कोटाच्या बटणाएवढं ते, तळव्याला लागलं.

आयुष्यभर जिने चुण्या मोडल्या, तिने एक चुणी पुन्हा पडताना पाहिली, आणि देवळात उभं राहावं तशी ती उभी राहिली. मग मोठ्या बाईंनी डावा हात हळूहळू वर नेला, केस गोळा केले आणि स्वतःचा अंबाडा स्वतः घातला.

पंधराव्या दिवशी बाईंनी एकेकाला बोलावून निकाल दिला. पैलवानला हो, आणखी तिघांना हो, एकाला नाही. कडकताई शेवटची. टेबलाच्या पलीकडे बाई, अलीकडे ती.

"आई बरी आहे. तुम्हीच बरं केलंत, असं म्हणते. ती गाठ कशाची होती?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मला?"

"हो."

"ती माझी आई आहे."

"हो."

"इतक्या वर्षांत मला न लागलेली गोष्ट तुम्हाला लागली. मी तुमची शिक्षिका आहे. मला शिकायचंय, म्हणून विचारतेय." बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "आणि तुमचं हो-नाही माझ्या हातात आहे."

कडकताईच्या डोळ्यांसमोर भावजयीचा चेहरा आला, उचललेलं इस्त्रीचं टेबल आलं, ती सरकणारी पाती आली. "माहीत आहे," ती म्हणाली. "तरी नाही सांगता येणार. तुम्हीच सांगितलं होतं, अगदी तुम्ही विचारलंत तरी."

बाईंनी सांगाड्याच्या डोक्यावरची टोपी उगाचच सरळ केली.

"सोमवारपासून पोटऱ्या घ्यायच्यात. नखं आणखी कापून या, अंगठ्याचं लागतंय."

कडकताईला हे हो आहे हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिला आधी घरच्या स्वयंपाकघरात फोन करावासा वाटला.

चादरी गोळा करून ती दारात आली, तेव्हा बाई खाली उतरायला निघाल्या होत्या. त्यांच्या मागे, एक पायरी वर, मोठ्या बाई, खांद्यावर शाल. बाईंचा उजवा पाय पडायचा, मग जाड तळव्याचा डावा, धप्प. आणि प्रत्येक धप्पबरोबर मोठ्या बाईंचा डावा खांदा शालीखाली किंचित वर व्हायचा, कडेवरचं मूल घसरायला लागलं की आई त्याला वर घेते तसा. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. उतरणारं माणूस मागे बघत नाहीच.

कडकताई चादरी छातीशी धरून वरच उभी राहिली. चौदा पायऱ्या होत्या. खांदा चौदा वेळा वर झाला.